आठव्या आठवड्याची रेघ

सव्वीस हाडं, डॉक्टर ओसान्दोन म्हणाले,
वर्षभर एवढ्याच गावात राहायचं.
खांदा विसर. गुडघा विसर.
कंबर दुसऱ्या कुणाची तरी.
अकरा वर्षं शिकून झाल्यावर
मी अशी खाली खाली उतरत आले
माणसाच्या तळाशी.

वाल्पाराईसोत तळ सापडणं कठीण.
प्रत्येक घर कुणाच्या तरी छपराला टेकलेलं,
आणि गल्ली म्हणजे जिना.
पाय जमिनीवर ठेवा म्हणावं, तर जमीनच तिरकी.
मी चिलोए बेटावरची, ओहोटीच्या चिखलात चालायला शिकले;
पहिला महिना माझ्याच पोटऱ्या भरून आलेल्या,
आणि रोग्यांना मी सांगत होते, कसं चालावं.

एवारिस्तो कारेन्यो आला मार्चमध्ये, रात्री दोनला.
गॅसच्या टाक्या खांद्यावरून वर पोचवणारा.
कठड्यावरून खाली पडला, टाकीसकट, उभाच्या उभा.
सोडून का नाही दिलीस, मी विचारलं.
म्हणाला, टाकीचे पैसे पगारातून कापतात.

फिल्मवर टेलस, मानेत तुटलेलं.
सगळ्या देहाचा भार वाहणारं हाड,
आणि एकही स्नायू त्याला धरून नाही.
वर नडगी, खाली टाच, मधे हे, नुसतं बसवलेलं.
रक्त चोरवाटांनी येतं
आणि तुटलं की त्या वाटाच आधी बुजतात.

माझे आजोबा मेंढ्या कातरायला दक्षिणेला जायचे,
तिकडे बैलाचं हेच हाड फेकून जुगार चाले.
एक बाजू नशिबाची, दुसरीचं नाव घरात घेत नसत.
एका हंगामाची मजुरी त्यांनी असल्या एका हाडावर घालवली
आणि आजीला सांगितलं, बोट बुडाली.

स्क्रू तू घाल, ओसान्दोन म्हणाले.
हात पाठीमागे बांधून उभे राहिले,
देवळात शिरलेल्या नास्तिकासारखे.
बाबा होड्या बांधायचे. म्हणायचे, लाकूड आधी ऐकावं.
ड्रिल आत गेलं, आवाज भरीव झाला,
मग एकदम पातळ,
आणि मी थांबले.
पाठीमागून फक्त एक श्वास सुटला.
एवढीच शाबासकी, वर्षभर पुरवून वापरली.

मग वाट पाहणं.
मधल्या दिवसांत साखरेनं काळवंडलेली बोटं,
टाचेत सुई सापडलेली शिंपीण,
एका बाळाचे आत वळलेले पाय,
दर गुरुवारी प्लास्टरमध्ये थोडे थोडे बाहेर आणलेले,
त्याची आई प्रत्येक वेळी माझ्याऐवजी प्लास्टरला धन्यवाद द्यायची.

आठव्या आठवड्यात फिल्म दिव्यावर लावली.
ओसान्दोननी चष्मा कपाळावर सरकवला. काय दिसतं?
हाडाच्या घुमटाखाली एक काळसर रेघ,
नखानं ओढल्यासारखी.
विरळ झालंय, मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच समजलं.
मेलेलं हाड पांढरंशुभ्र राहतं, भरीव, देखणं.
त्यातून काही वाहून न्यायला कुणी येतच नाही.
हे झिजतंय,
म्हणजे रक्त पोचलंय.

एवारिस्तोला सांगितलं, हाड जगलंय,
अजून महिनाभर पाय टेकायचा नाही.
त्यानं मान डोलावली, रेघ पाहिलीही नाही.
माझं घर दोनशे अकरा पायऱ्यांवर, म्हणाला.
पडल्यापासून बहिणीकडे आहे, खाली, बंदराजवळ.
तिचा नवरा घोरतो.

संध्याकाळी मी त्या जिन्यानं चढले.
काम नव्हतं काही.
कुणी नवा पोरगा टाकीवर पाना आपटत चालला होता,
टण् टण्, खिडक्या उघडत होत्या.
त्याच्या घोट्यांकडे पाहत राहिले मी:
पायरी, घोटा वाकतो, पायरी, घोटा वाकतो,
आत ते बिनधन्याचं हाड सरकतंय, कुणाला खबर नाही.
एकशे चाळीसपर्यंत मोजलं.
मग त्यानं वळून विचारलं, कितव्या घरी हवी, बाई?
आणि आकडा हातून गेला.