दुरुस्ती

कसबे डिग्रज, विकास सोसायटीची वार्षिक सभा.
चिठ्ठीत मी लिहिलं होतं 'दिग्गज'.
तोंडातून निघालं,
"आमचे दिवंगत चेअरमन, नेमगोंडा आवटी..."

माईक शिट्टी मारून गप्प.
मागं कुणीतरी फिस्सकन हसलं,
सेक्रेटरी उगाच चष्मा पुसत बसले.
आवटीअण्णा उठले, स्वतःची नाडी धरून म्हणाले,
"मास्तर, अजून चालू हाय की ओ.
आधी डिव्हिडंड तरी वाटू द्या."

मग वर्षभर टपरीवर माझं नावच पडलं,
दिवंगत मास्तर.
अण्णा दिसले की लांबूनच हात वर करायचे,
हजेरी दिल्यासारखा.

फाल्गुनात, हळदीची काहील पेटलेली असताना
अण्णा गेले.

शोकसभा त्याच हॉलात, माईकही तोच.
या खेपेला शब्द लाल शाईनं लिहिला,
न्हाणीत, सायकलवर, अंथरुणात घोकला:
दि-वं-ग-त.
आणि उभा राहिलो तर ही बिनहाडाची
म्हणाली,
"आमचे विद्यमान चेअरमन..."

कुणी हसलं नाही.
दुरुस्त करायला तोंड उघडलं,
तर पहिल्या रांगेतून अक्का, पदर न हलवता,
"ऱ्हाऊ द्या मास्तर.
पुढचं वाचा."