किती देते

कुचेराच्या अंगणात उभी राहून मी विचारलं
जे कुणीही विचारतं: गाडी किती देते?
म्हातारा म्हणाला, "पायावर आहे,"
आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

आठ सिलिंडर. मागे साडेसहा फुटांचा हौदा,
त्यात माझ्याकडून आठवड्याला जातं
कुत्र्याच्या खाण्याचं एक पोतं
आणि वळणावळणावर खडखडणारा एक पाना.
एवढ्यासाठी अडीच टन लोखंड
शाळेपर्यंत, पोस्टापर्यंत, परत.
जानेवारीत वीस मिनिटं दारातच धुरते
काचेवरचा बर्फ सुटेपर्यंत.
नेब्रास्काच्या वाऱ्याला आडवं यायला झाड नाही,
तो सरळ बंपरला छाती लावतो.
डॅशबोर्ड म्हणतो, साडेपंधरा.
मी पंपावर पावतीच्या पाठीवर भागाकार करते:
तेरा पूर्णांक आठ.
म्हणजे गॅलनमागे पावणेदोन मैलांची थाप,
तीही हिरव्या दिव्यात.

ग्लव्हबॉक्समध्ये, फ्यूजच्या डबीखाली, त्याची वही निघाली.
तारीख, मैल, गॅलन, भागाकार. पेन्सिलीत. अकरा वर्षं.
शेरे मोजकेच.
"ट्रेलर, दोन कालवडी. ९.७"
"टायरात हवा कमी. चूक माझी."
चौदा, साडेतेरा, चौदा, चौदा,
आणि मग एका मार्चपासून
सतरा.
अठरा.
एकोणीस पूर्णांक चार.

मी हौदा रिकामा केला, अगदी पानासुद्धा काढला.
टायर फुगवले, फिल्टर बदलला,
साठच्या वर काटा जाऊ दिला नाही.
साडेचौदा.

शेवटी खताच्या दुकानात तो भेटला,
बोल्ट निवडत होता. विचारलं.
त्याने दोन बोल्ट डब्यात परत टाकले.
"आयला असायची ना शेजारी," म्हणाला.
"दर मंगळवारी कर्नीच्या हॉस्पिटलात.
धक्का सोसायचा नाही तिला.
पंचेचाळीसच्या वर गेलो की दाराची मूठ धरायची,
बोलायची नाही काही.
मग लाल दिवा दिसला की अर्ध्या मैलावरून पाय उचलायचा.
ब्रेक लागायलाच नको."
मागचे हॉर्न द्यायचे?
"द्यायचे की."
आणि वॉशरचं माप विचारायला तो काउंटरकडे वळला.

घरी येऊन वही पुन्हा उघडली.
ऑगस्टच्या शेवटी एक आठवडा काहीच नाही.
सप्टेंबर: तेरा पूर्णांक नऊ.
शेरा नाही.

आज सकाळी मुलांना उशीर झाला होता.
मी पाय दाबला, गाडी घटाघटा प्यायली,
आणि आम्ही पोचलो तेव्हा घंटा व्हायला
चार मिनिटं होती.
पंपावर त्याच्याच वहीत, पुढच्या कोऱ्या ओळीवर
मी तारीख घातली. मैल, गॅलन.
तेरा पूर्णांक एक.
शेरा: घाई. विनाकारण.