आक्षेप क्रमांक सात

साहेब, आपण मटणाचा हिशेब मागितला आहे.
बारा किलो, एप्रिल ते जून,
गड्डीगोदामातून आणलं, पावत्या सोबत जोडल्या आहेत.
ते कोणी खाल्लं, असा आपला प्रश्न.

माशांनी.

धंतोलीतल्या आमच्या गच्चीवर, जाळीच्या पिंजऱ्यात.
डॉ. सोरते मॅडम दर दोन तासांनी वर जायच्या,
दुपट्टा भिजवून डोक्याला गुंडाळायच्या,
शेहेचाळीस अंशांत ओणव्या बसून
अळ्या मोजायच्या, मिलिमीटरमध्ये.

मी लेखा शाखेतला, त्यातलं मला कळत नाही.
एकदा माठातलं पाणी घेऊन वर गेलो
तर हसल्या, निखारे, तुम्हीच काय ते कमी होते इथे!
मग म्हणाल्या, माणूस कधी मेला
हे सांगणारं आपलं कोष्टक थंड मुलखातलं आहे हो.
तिथे अळी निवांत वाढते.
आपल्याकडे मे महिन्यात...
आणि थांबल्या. मोजणी चुकली असती.

प्रस्तावाच्या फायलीत, परिशिष्टांच्या मागे,
देवलापारच्या एका खटल्याचा निकाल लावलेला आहे.
आपण पाहिला नसेल, त्यात रक्कम नाही.
मृत्यू छत्तीस तासांपूर्वी, असं त्यात लिहिलंय.
छत्तीस तासांपूर्वी सुकालू मरसकोल्हे
घरात एकटा झोपला होता.
वीस तासांपूर्वी तो वरणाची गंजी घेऊन
दोनशे माणसांच्या पंगतीत वाढत होता.
मधले सोळा तास
तो वर्धा रोडच्या तुरुंगात भोगतो आहे,
यंदा अकरावं वर्ष.
गच्चीवरून झाडांमागे ती भिंत दिसते.
मॅडम तिकडे पाठ करून बसायच्या.

अनुदान आलं अठ्ठावीस मार्चला, दुपारी चारला.
एकतीसच्या आत खर्ची टाका, नाहीतर परत.
कोषागारात मी रात्री दहापर्यंत रांगेत होतो,
चहाचे पैसे मागितलेले नाहीत.
मंजूर लेखाशीर्षांत माशी कुठेच बसेना,
म्हणून मीच लिहिलं : किरकोळ खाद्यपदार्थ.
चूक माझी. मॅडमची नाही.

दुसरा हप्ता आपल्या शेऱ्यासाठी थांबला आहे.
एक उन्हाळा पुरत नाही म्हणतात,
तीन लागतात, तेव्हा कुठे न्यायालय ऐकून घेतं.
दुसरा चालू झालाय. पिंजरा रिकामा आहे.
मॅडम तरी वर जातात,
नुसतं तापमान लिहून येतात.

उपयोगिता प्रमाणपत्रात रकाना आहे,
'निर्माण झालेली मत्ता'.
मी तिथे रेघ मारली होती, तीही आपण लाल केलीत.
आता लिहितो :
कोष फुटले, माशा उडून गेल्या, तुरुंगाच्या बाजूला.
जडसंग्रह वहीत त्यांची नोंद घेतलेली नाही.

आक्षेप वगळण्यात यावा, ही विनंती.