डाव्या हाताचा मोजा

आमच्या घरात मोजा एकच वापरात आहे, डावा.
जोडीतला उजवा डब्यात पडून,
त्याचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही.
कापणाऱ्या हाताला काय होणार आहे?
कापला जातो तो धरून बसलेला.

हे श्रीहरी कोडम मास्तरांनी सांगितलं,
अक्कलकोट रोडला युनिफॉर्मच्या कारखान्यात
एकशेवीस थर एका दमात कापतात ते,
डाव्या हातात पोलादी कड्यांची जाळी घालून.
सांगताना त्यांनी जाळी काढली.
आत साडेचार बोटं होती.

आमच्यापाशी चारच थर.
त्यांच्याकडून किलोवर आणलेल्या चिंध्या :
खाकी, आकाशी, कुठल्या शाळेचा चौकडा,
पिनाफोरच्या काखेखालची चंद्रकोर.
इस्त्री करायची, पट्टी ठेवायची,
गोल पातं फिरवायचं
आणि चौकोन जमवायचे गोधडीसाठी.

वदिनानं तीस वर्षं विड्या वळल्या.
पत्र्याचा साचा ठेवून पानं कापली,
रोज हजाराचा हिशेब, वर कारखानदाराची छाट.
एवढ्यात बोटाला कधी कात्री लागली नाही.
आणि इथं, पंख्याखाली बसून,
पट्टी केसभर सरकली.

आवाज झाला नाही.
भेंडीचा शेंडा उडवावा तसं तर्जनीचं टोक.
मी हळदीचा डबा शोधत होते,
ती म्हणाली,
"खाली पांढरा तुकडा होता का गं?"

होता.
मीठ चोळलं, गार पाण्यात भिजवला,
तरी एक तांबूस ढग राहिलाच.
टाकवेना. उलटा करून आतल्या थरात शिवला.
गोधडी नाशिकला गेली,
कुणाच्या तरी पायांवर तो चौकोन आहे आता,
ऊबदार असेल.

मग मोजा आला. राखाडी,
तळव्याला निळसर रबर, माप मध्यम.
वदिनाचा हात मध्यम नाही,
करंगळीचं टोक रिकामंच डुलतं.
मे महिन्यात सोलापूर त्रेचाळीसवर,
त्यात हाताला स्वेटर!
तासाभरानं काढला की आतला हात
उकडलेल्या शेंगेसारखा.

पण तिची तक्रार घामाची नव्हती.
"कापड कळत नाही," म्हणाली.
साखर पेठेत अण्णा मागावर असताना
चादरीवरून हात फिरवून
ही सुताचा नंबर सांगायची.
आता टेरीकॉट काय, सुती काय,
उभा धागा कुठला, आडवा कुठला,
सगळं एकाच भिंतीपलीकडं.

दोन दिवस ती मोज्यावर रुसली.
तिसऱ्या दिवशी बघते तर
डावा हात उघडाच, कापडावर फिरतोय
सावकाश, वासराच्या पाठीवरून फिरावा तसा.
मग मोजा चढवला. मग पातं उचललं.
तेव्हापासून तिचा क्रम ठरला :
आधी ओळख, मग मोजा, मग पातं.
मी घाई केली की म्हणते,
"थांब, अजून बोललो नाही आम्ही."

रविवारी मोजा धुते,
दोरीवर बोटं खाली करून टांगते.
शेजारच्या व्यंकटेशनं, असेल पाच वर्षांचा,
दारातूनच विचारलं,
"अत्ता, हात कुणाचा आहे?"
"माझाच की. वाळत घातलाय."
तो पळाला,
मग दोन मित्र घेऊन आला, दाखवायला.

परवा माझी अनुषा कॉलेजवरून आली,
न विचारता पाटावर बसली,
खाकीच्या तुकड्यावर पट्टी ठेवली
आणि पातं उचललं डाव्या हातानं.
जेवताना याच हातावर
मी चापट्या मारल्या आहेत, लहानपणी.
वदिना माझ्याकडं बघत राहिली.
अनुषाचा उजवा हात पट्टीवर, उघडा,
नखांवर मेंदीचा जुना रंग.

"थांब गं," म्हणाले
आणि डबा उघडला.
प्लॅस्टिक चुरचुरलं.