उसना डोळा

गच्चीत ऊन येतं सकाळी साडेसात ते दीड.
मग शेजारच्या सात मजल्यांची सावली
सतरंजीसारखी पसरते.
कुंड्यांना जागा चारच.
पाचवी ठेवली तर कपडे वाळत घालायला
आडवं होऊन जावं लागेल.
म्हणजे चार.
माझ्या यादीत सव्वीस नावं.

हडपसरच्या पलीकडे झुरुंग्यांची नर्सरी.
ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा,
छाटणी होऊन दहा दिवस झालेले,
ओळीनं उभी खुंटं,
फूल एकालाही नाही.
नुसत्या पत्र्याच्या पट्ट्या, त्यांवर खिळ्यानं कोरलेलं:
ग्लॅडिएटर. फर्स्ट प्राइझ. पीस.
हजेरी मांडून ठेवलेली,
मुलं अजून यायचीत.

"प्रदर्शनाला, हाराला, का घराला?"
घराला.
"ऊन?" सांगितलं.
"पाणी?" बोअरचं. किटलीत पांढरा थर बसतो.
झुरुंग्यांनी यादीतली नऊ नावं तिथल्या तिथे खोडली,
मला न विचारता.
"पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले तर रडणार?"
थोडीशी, म्हटलं.
आणखी पाच गेली.
"आणि बघणार कोण?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.

विद्याधरला लाल दिसत नाही.
म्हणजे दिसतं, पण पानात पान होऊन जातं.
बाविसाव्या वर्षी रेल्वेच्या डॉक्टरनं
ठिपक्यांची वही पुढे धरली,
तिच्यातला आकडा काही त्याला सापडला नाही,
आणि तो पोस्टात चिकटला.
माझा लग्नातला शालू
चाळीस वर्षं खाकी समजून
त्यानं डांबरगोळ्या घालून जपलाय.

आणि माझी यादी वरपासून खालपर्यंत लाल.
शेंदरी लाल, मखमली लाल,
जवळजवळ काळा म्हणावा असा लाल.
कुणासाठी केली होती मी ती?
बहुतेक एकोणीस वर्षांच्या एका मुलीसाठी,
जिला एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात
दोरीच्या आत जाऊ दिलं नव्हतं.

झुरुंगे हसले नाहीत.
खाली वाकून एका जंगली खुंटाची साल
त्यांनी टोकदार चाकूनं उभी-आडवी चिरली,
फटीत दुसऱ्याच झाडाचा डोळा सरकवला,
वर पट्टी गुंडाळली, कापलेल्या बोटाला गुंडाळतात तशी.
"मूळ रानटी, डोळा उसना.
पंधरा दिवसांत बसतो, नाहीतर काळा पडतो.
बसला तर पुढे झाड त्याच डोळ्यानं बघतं."

लँडोरा घेतला, पिवळा. तो त्याला लांबून दिसेल.
व्हर्गो, पांढरा.
डबल डिलाइट, भांडायला:
कडा कुठे संपते नि मधला सायीचा रंग कुठे सुरू होतो,
यावर एक आख्खी सकाळ जाईल.
चौथ्यापाशी मी अडले.
"पापा मेयाँ," झुरुंगे जरा नाखुशीनंच म्हणाले,
"नाजूक आहे. भुरी धरतो. फुलं मोजून देतो.
गिऱ्हाइकाला मी आपणहून देत नाही."
वास?
त्यांनी डोळे मिटले, एवढंच.
उसाच्या रसवाल्याच्या टेम्पोतून चारही घरी आले.

जानेवारीत, चहाचा कप हातात घेऊन,
विद्याधर लँडोराला नमस्कार-चमत्कार करून पुढे गेला
आणि थबकला.
मान इकडे वळवली, तिकडे वळवली,
वाऱ्याची दिशा पाहतात तशी.
मग कप कठड्यावर ठेवून
दोन्ही हात पानांत घातले.
"अगं, हे कुठं होतं?"
तिथंच. चार दिवस झाले.
कितीतरी वेळ तो नाक खुपसून उभा.
बोटात काटा रुतला होता,
रक्ताचा थेंब त्याला दिसला नाही,
मी पदरानं टिपला. चहा निवला.

आता बुंध्याशी एक फुटवा आलाय, सरळसोट, हिरवागार, जोरात.
खालच्या मुळाचा. ठेवला तर वर्षभरात
वरचा डोळा मिटेल.
कात्री मी विद्याधरलाच दिलीय.
एका देठाला सात पानं असली तर रानटी, पाच असली तर आपला.
मोजणं त्याला येतं.
चष्मा शोधतोय.