वेटिंग अडतीस, एकोणचाळीस

बँकेच्या कॅलेंडरवरचा नोव्हेंबर संपला.
पान फाडलं, पाठ कोरी निघाली.
पद्मावतीनं पट्टी धरली, मी रेघा मारल्या :
सोलापूर, दिल्ली, हरिद्वार, ऋषिकेश, मसुरी, आणि परत.
सात दिवस. त्यातले तीन गाडीतच जातात.
ती म्हणाली, म्हणजे राहिले चारच की ओ.
मी म्हणालो, गाडीतलेही आपलेच.
तीस वर्षं लूमसमोर उभा होतो,
बसून कुठं जायचं, हेही फिरणंच.

संक्रांतीच्या आत परतायचं, एवढं आधीच ठरलं.
गड्ड्याला पोरगी येते जावयासह.
नंदीध्वज निघतील तेव्हा
आपल्या दाराला कुलूप दिसायला नको.

साखर पेठेतल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं
आधार कार्डं उलटीसुलटी करून पाहिली,
म्हणाला, काका, वेटिंग अडतीस, एकोणचाळीस.
होईल?
होतंय की. थंडीला भिऊन लोक कॅन्सल करतात.
अन् वयाची सवलत?
ती कवाच गेली.
जिना उतरताना पद्मावती म्हणाली,
अडतीस तुम्ही, एकोणचाळीस मी.
लग्नातल्या फेऱ्यांसारखंच, तुम्ही पुढं.
पुढच्याचं झालं अन् मागचीचं राहिलं, तर?

चादरी किती घ्यायच्या, यावर दोन दिवस गेले.
शेवटी दोन : एक मोराची, एक चौकड्यांची.
जन्मात किती विणल्या ते मी मोजलं नाही,
मोजायचा तो मालकाचा दिवाणजी.
गठ्ठे ट्रकवर चढायचे,
गोणपाटावर शाईनं गाव लिहिलेलं :
डेहराडून, सिमला, अलमोडा.
माझा भूगोल तेवढाच.
इथं जानेवारीतही चादर पायाशी घडी करून असते,
पहाटे एकदा ओढली तर ओढली.
तिचं खरं काम काय असतं
ते मी पाहिलेलंच नाही.

शेजारचे इरप्पा कलशेट्टी दोनदा जाऊन आलेत.
चहा पिता पिता म्हणाले,
मसुरीत काय नाही बघा, नुसता डोंगर अन् दुकानं.
त्यापेक्षा अजून एक देव धरा.
मला पटलं. पैसेही वाचत होते.
रात्री पेन्सिलीनं मसुरीवर रेघ ओढली.
सकाळी पाहतो तर रेघ नाही.
नातवाचं खोडरबर कागदाशेजारी,
गाव जागच्या जागी, जरासं मळलेलं.

विचारलं तर आधी बोलली नाही.
भांडी घासून झाली, पदराला हात पुसले, मग म्हणाली,
पस्तीस वर्षं विड्या वळल्या,
सूप मांडीवर, दिवसाला हजार.
पोरीच्या बाळंतपणात तेवढ्या कमी.
एक कधी ओठाला लावली नाही.
परवा नातवाच्या मोबाईलात बघितलं,
डोंगरावर एक बाई नुसती बोलत होती
अन् तोंडातून धूर निघत होता.
काही न ओढता. पांढरा, स्वच्छ.
गंगेत तुम्ही डुबकी मारा, मी पाय बुडवते.
पण मसुरीत पहाटे उठून मी बोलणार आहे.
काय बोलणार?
ते तिथं गेल्यावर.

मी कागद घेतला
आणि मसुरी शाईनं गिरवली.
एका रात्रीच्या दोन केल्या.
कलशेट्टींना सांगायचं काय, बघू.

आज वेटिंग अकरा, बारा.
पत्र्यावर दोन्ही चादरी उन्हात पडल्यात,
मोर पालथा.
कडक भाकरी डब्यात बसत नाहीत
म्हणून डबा बदलून झाला दोनदा,
शेंगाचटणीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत.
आवळासुपारी घाटातल्या बसला, ती वेगळ्या पिशवीत.

सहा वाजता नळ येतो.
घागर भरता भरता पद्मावती मधेच थांबते,
इकडं तिकडं बघते,
तोंड गोल करून हळूच 'हा' करते.
काही दिसत नाही.
सोलापूरच आहे हे.
घागर भरून वाहायला लागलेली,
ती दुसरी लावते.