संधी

पाकिटावर माउंट फुजीचं तिकीट, आत एकच पान:
तीन ओळी. एक ऋतू. वयाची अट नाही, फी नाही.
निवडलेले हायकू चहाच्या बाटल्यांवर छापू.
शेवटची तारीख एकतीस डिसेंबर.

एकोणीस वर्षं मी चाकणला दुभाषी होते.
बोल्ट, गंज, उशीर, माफी
इकडून तिकडे न्यायचे.
माफीला शब्द सगळ्यात जास्त लागत.
ऋतू कुणी सांगितला नाही कधी,
एअर कंडिशनर होता.

इथेही संधी आहेत, नाही असं नाही.
टिळक रोडवरचे मुजुमले दिवाळी अंक काढतात.
म्हणाले, ‘बाई, हायकू पाठवा ना!
कुकरच्या जाहिरातीखाली दोन इंच उरतात.’
मानधन: एक अंक.
तोही येऊन घेऊन जायचा,
एक ते चार सोडून.

शाळेत संधी म्हणजे
दोन अक्षरं जवळ आली की एक कमी होणं.
सूर्य अधिक अस्त, चाराची तीन.
हायकू लिहिणाऱ्याला ही बचत कळते.
आता माझ्या संधी बोटांच्या पेरांत:
सकाळी मूठ मिटत नाही,
रात्री पेन सुटत नाही.
तरी एक जमला, अंकात आला, कुकरखालीच:

    संधिप्रकाश
    बंद कंपनीपुढे
    चहाचा गाडा

रविवारी आम्ही पाच जण
सिंहगड रस्त्यावरच्या जपानी बागेत भेटतो.
हिरवळीवर पाऊल पडलं की रखवालदाराची शिट्टी.
ती एक अक्षर धरायची की दोन,
यावर एकदा अर्धा तास वाद झाला.
जपानी यादीतले ऋतुशब्द मी वाचून दाखवले:
बर्फ, बगळा, प्लमचं फूल.
सुनंदा कर्वेकर म्हणाल्या, ‘आणि हुरडा?
पेरूच्या गाडीवरचं तिखटमीठ?
ऑक्टोबरचं ऊन कुठे बसवलंय त्यांनी?’
कुठेच बसवलेलं नव्हतं.
आम्ही ते वहीच्या मागच्या पानावर बसवलं.

यासीन आतार भोसरीहून येतो, दोन बस बदलून.
प्रेसवर काम करायचा, आता स्टोअरमध्ये आहे.
अक्षरं डाव्या हातावर मोजतो.
करंगळीशी आला की थबकतो,
तिथं अर्धंच पेर उरलंय.
मी त्याला सहज सांगितलं,
आपल्याकडे पाय मोडक्या अक्षराला मोजत नाहीत,
जोडाक्षरात ते फुकट जातं.
तिकडे तसं नाही.
तिकडे अर्ध्या न्‌लासुद्धा
पूर्ण एक धरतात.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
तळ्यातला कोय मासा वर आला, तोंड उघडून गेला.
मग यासीननं करंगळी वर केली.
‘म्हणजे तिकडे ही चालेल.’
कुणी हसलं नाही. तोच हसला.

पुढच्या रविवारी त्यानं हजेरीच्या कार्डामागे आणला:

    हातमोज्यात
    एक बोट रिकामं
    तिथंही थंडी

मी तीन रात्री त्याचं जपानी करत बसले.
एकोणीस भरत होतं, मग सोळा.
‘तिथंही’मधला ‘ही’ कुठे ठेवू कळेना.
तो सोडला तर थंडी नुसती थंडी होते.
शेवटी एकोणीसच ठेवलं.
माझा स्वतःचा हायकू मी पाकिटात घातला नाही.
हे मोठेपण नव्हे.
माझे सगळे कुकरखालचे निघाले, एवढंच.

तीस तारखेला जीपीओत रांग होती.
काउंटरवरच्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवलं:
अकरा ग्रॅम.
‘आत काय आहे? मौल्यवान?’
मी दुभाषी, मला शब्द सुचेना.
यासीन मागून म्हणाला, ‘बोटभर मजकूर.’
तिनं शिक्का मारला, जरा तिरका बसला.

बाहेर त्यानं विचारलं,
‘मॅडम, बाटली रिकामी झाली
की हायकू कुठे जातो?’
मला माहीत नव्हतं.
भोसरीची बस आली, तो धावला,
दांडी उजव्या हातानं धरली.